पाणी गेलं, माती ऱ्हायली

गुरुवार, ३१ जुलै

आज बैठक झाली नाही.

अच्युतबुवांनी गायन समाज काढला तेव्हापासून गुरुवार चुकला नव्हता. संपात झाली, कर्फ्यूत झाली, बुवा गेले त्या आठवड्यातही झाली. त्या दिवशी कुणाच्या तोंडून सूर निघेना, नुसते तंबोरे छेडत बसलो, पण झाली. ती शेवटी पाण्यानं मोडली. आणि या समाजाचा सचिव कोण, तर सिंचन खात्यातून निवृत्त झालेला मी. जन्मभर पाणी अडवायचे नकाशे काढले आणि स्वतःच्या उंबऱ्यावर चार विटा रचल्या नाहीत. नीलिमा म्हणाली, "लिहून काढा, नाहीतर दिवसभर माझ्यावर खेकसाल." म्हणून ही वही.

खारून नदी फुगली आणि नाल्याचं पाणी उलटं फिरलं. समाजाच्या दोन खोल्या नाल्याला पाठ लावूनच उभ्या आहेत. भिंतीवर बुवांची तसबीर आहे, तिच्यात पाणी त्यांच्या हनुवटीपर्यंत चढलं. खाली दोन तंबोरे, पेटी, तबला-डग्गा, सतरंज्या आणि ट्रंक. ट्रंकेत बुवांच्या एकवीस पदांच्या कॅसेटी. पदं मराठी, चाली इथल्या छत्तीसगढी बायकांच्या तोंडच्या. रायपूरबाहेर ती कुणाला ठाऊक नाहीत, कारण बुवांनी लिहूनही घेऊ दिली नाहीत. म्हणायचे, कागदावरून गाणं शिकणं म्हणजे लग्नपत्रिका वाचून ढेकर देणं.

संध्याकाळी चिखल तुडवत इंदूताई आल्या. शहात्तरीच्या, बुवांच्या शिष्यांत उरलेल्या एकट्या. पातळ वर खोचलेलं, हातात टाळ.

"ताई, तुम्ही काहून आल्या?"

"काहून म्हंजे? गुरुवार नाही का आज? सतरंजी नसंल तर बाकावर बसू. 'पाणी गेलं' म्हणते."

'पाणी गेलं, माती ऱ्हायली, माये, दिवा कुठं ठेवू.' बुवांनी हे पद जुन्या एका पुरानंतर केलं होतं. अस्थाई, म्हणजे ही पहिली ओळ, आम्हा सगळ्यांना येते. अंतरा भलता अवघड, तो बुवा गायचे आणि त्यांच्यामागे ताई. बाकीचे आम्ही माना डोलवायचो.

मी म्हटलं, तंबोरा नाही. बुवांचा नियमच आहे, तंबोरा लागल्याशिवाय त्यांचं पद तोंडातून काढायचं नाही.

"नियम केला तवा तंबोरे कोरडे होते, चारू," ताई म्हणाल्या.

मला हसू आलं. मग मी दाराला कुलूप लावलं आणि त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

शनिवार, २ ऑगस्ट

दिवसभर गाळ. मी आणि तुळशीराम. तुळशीराम रेल्वेतून निवृत्त झालेला आमचा तबलजी. बोलणं कमी, काम बैलासारखं. त्याच्याही मोहल्ल्यात पाणी शिरलं म्हणे. त्याच्या घराचं विचारायचं होतं, पण ट्रंक उघडली आणि राहून गेलं.

तंबोऱ्याचा भोपळा उचलायला गेलो तर हातात भिजलेल्या पापडासारखा आला. दुसऱ्याचीही तीच गत. पेटीच्या भात्यातून गांडुळं निघाली. डग्ग्याची पुडी फुगून फाटलेली. तुळशीरामनं तिच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

बुवांची तसबीर पुसली. चेहरा शाबूत आहे, हनुवटीखाली सगळं वाहून गेलंय. गाणाऱ्या माणसाचा नेमका गळा गेला.

"दादा, माया नातवाच्या फोनात तंबोरा हाय," तुळशीराम म्हणाला. "बटन दाबलं का वाजते. गुरुवार त निभंल."

"बुवांच्या समोर टेलिफोन वाजवायचा?"

"ते काय म्हनतील? त्यायच्या बी गळ्याशी आलं होतं पानी."

मी ठाम नकार दिला. पडत्या काळातच नियम पाळायचे असतात, नाहीतर मग आपण नुसते पाच-सहा म्हातारे, आणि म्हाताऱ्यांना काय, बागेत हसायचे वर्गही चालतात. तंबोरे मिरजेहून नवे येईपर्यंत बैठक बंद, सुतक समजायचं. आणि सगळ्यात आधी कॅसेटी. बुवांचा आवाज वाचला म्हणजे समाज वाचला. हे मी मोठ्यानं म्हणालो. तुळशीराम गाळाची घमेली भरत राहिला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

ताई पुन्हा आल्या. आज टाळ नव्हता, नुसत्या आल्या.

"चारू, कॅसेटीचं होईल तवा होईल. मले सगळी येतात. एखादी पोट्टी बसव माह्यासमोर. नाहीतर तूच बस. मी सांगते, तू घोक."

मी समजावलं. मूळ आवाज परत येऊ द्या, मग त्याच्याशी ताडून पाहू. घाईनं काही केलं आणि उद्या कुणी म्हणालं की इंदूताईंनी चाल बदलली, तर तोंड कुठं लपवायचं?

ताई म्हणाल्या, "मी चाल बदलीन?"

वाईट वाटलं असावं त्यांना. मलाही घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पण सचिवानं गोड बोलत बसलं तर संस्था बुडते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

फोनवर समूह काढला, 'गायन समाज पुनरुज्जीवन'. चाळीसेक माणसं घातली. कळकळीचं आवाहन लिहिलं, कोण कोण श्रमदानाला येणार, कुणाच्या घरी जुनं वाद्य आहे, कोण पदं शिकायला बसणार. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली. मग तिरंगा. मग पुन्हा तिरंगा. पंडरी बाजारातल्या एका कापडवाल्या पोरानं विचारलं, "काका, यह ग्रुप किसलिए है?" मराठीत लिहिलेलं त्याला वाचता येत नाही, आणि त्याचा आजा बुवांच्या मागे पेटी धरायचा.

कॅसेटी नागपूरच्या एका माणसाकडे पाठवल्या. त्याच्याकडे धुऊन, वाळवून आवाज काढायचं यंत्र आहे. तो म्हणाला, आशा ठेवा. आशा ठेवण्यात मी कधी कसूर केलेली नाही.

तुळशीराम आताशा उशिरा येतो. कपड्यांवर काळी भुकटी असते. म्हटलं, अरे, आंघोळ तरी करून ये. तो बरं म्हणाला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

ताईंचा मुलगा वरद हैदराबादहून आला आणि त्यांना घेऊन चालला. त्यांच्या घराची मागची भिंत पाण्यानं पोट सुटल्यासारखी फुगली आहे, राहण्यासारखं नाही हे खरं. तरी मी वरदवर चिडलो. त्याला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत देतो. "काका, अकेले कैसे छोड़ दूँ?"

ताईंनी विचारलं, "निघायच्या आधी एकदा बसू का? माह्याच घरी. ओल आहे, पण बसू."

नेमकी त्याच वेळी पार्षदांची, म्हणजे आपल्या नगरसेवकांची, भेट ठरली होती. खोल्यांच्या दुरुस्तीचं बोलायचं होतं. ताईंना म्हटलं, दसऱ्याला कॅसेटी येतील, तंबोरे येतील, तेव्हा तुम्हाला मानानं बोलावतो. समाज तिकीट काढेल. ताईंनी पदरात हात घालून नवा कोरा फोन दाखवला.

"वरदनं शिकवलं. ह्याच्यात बोलून पाठवता येते म्हणे. तुले पाठवते."

"पाठवा की," मी म्हटलं.

पार्षदांनी चहा पाजला. मग म्हणाले, "हव कका, फेर ओ गली मा तो नाला चौड़ा होही." म्हणजे त्या गल्लीत नाला रुंद होणार आणि खोल्याच जाणार. कधी, ते त्यांनाही माहीत नाही. परत आलो तोवर ताईंची गाडी सुटून गेली होती.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

इंदूताईंना नवं खेळणं सापडलंय. रोज दुपारी न चुकता एक आवाजी निरोप. पहिला उघडला होता. "चारू, ऐकतो का?" मग पंख्याची घरघर, मग घसा साफ करणं चाललं होतं, तेवढ्यात नागपूरच्या माणसाचा फोन आला आणि बंद करावा लागला. सवडीनं ऐकू. म्हातारपणी माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं.

गणपतीत समाजाची बैठक नाही, असं घडलं नव्हतं. घरीच आरती केली. नीलिमाचा सूर खाली, माझा वर, गणपतीनं कान मोठे का ठेवलेत ते कळलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

फोन ठप्प. नागपूरवाला नमुन्याचे आवाज पाठवू म्हणतो आणि माझ्या फोनात सुई ठेवायला जागा नाही. शेवटी कंबर कसून बसलो. शुभ सकाळी, देव, फुलं, डॉक्टरांची भाषणं, आल्याचे फायदे, इंदूताईंचे निरोप, सगळं उडवलं.

नीलिमा म्हणाली, "ताईचे तरी ऐकून उडवा."

म्हटलं, ताई काय सांगणार? हैदराबादेत पाणी कधी येतं आणि सून आमटीत गूळ घालत नाही.

फार हलकं वाटलं. बुवांसाठी जागा झाली.

रविवार, १४ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे. बुवांच्या नावानं कावळ्याला घास ठेवला. कावळा आला, वरणाकडे बघून गेला.

बुधवारी ताईंचा एक निरोप येऊन पडलाय, ऐकायचा राहिलाय. त्यानंतर आलाच नाही. खेळणं जुनं झालं असणार, किंवा उत्तर नाही म्हणून रुसल्या. दसऱ्याला समजूत काढीन.

मंगळवार, १६ सप्टेंबर

नागपूरचा निकाल आला. एकाही कॅसेटीत काही नाही. पट्टीवरचा थर चिखलाबरोबर सुटून गेला, असं तो म्हणाला. त्यानं पाठवलेले नमुने मी एकेक करून ऐकले. सगळ्यांत एकच आवाज, दूर कुठंतरी पाऊस लागल्यासारखा. एका ठिकाणी वाटलं, बुवा आहेत. नीलिमाला बोलावलं. ती ऐकून म्हणाली, "नाही हो."

दुपारभर मी पडून होतो. मला रडू आलं, ते लिहून ठेवतो.

संध्याकाळी तुळशीराम आला. त्याला विचारलं, तुला पदं आठवतात? तो ओशाळला. "मले ठेके याद हाय, दादा. शब्द नाही. मी आपला समेवर ध्यान ठिवून राहो, शब्द कवा ऐकले?" मग म्हणाला, "इंदूताईले इचारा ना."

इंदूताई! अर्थात. आधी कसं सुचलं नाही? ताईंना बोलावू, नागपूरहून तंबोऱ्यांची जोडी भाड्यानं आणू, चांगलं ध्वनिमुद्रण करू. बुवांचा आवाज नाही तर निदान बुवांची तालीम. एकदम अंगात बळ आलं.

नीलिमा म्हणाली, "मग आत्ता लावा फोन."

पितृपक्षात कसलं बोलावणं! बुवांच्या शिष्येला आमंत्रण द्यायचं म्हणजे नारळ-विडा ठेवून, चांगल्या दिवशी. आमच्यात रीत आहे. घटस्थापनेला करू.

"रीत धरून बसून आठवडा घालवायचा?" नीलिमानं विचारलं. ती माहेरून जबलपूरची, तिला समाजाच्या रीती फारशा कळत नाहीत.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना

सकाळी आंघोळ करून, बुवांच्या तसबिरीपुढे नारळ ठेवून ताईंना फोन लावला. वरदनं उचलला.

दहा तारखेला संध्याकाळी ताईंना झटका आला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. ओळखतात, डोळ्यांतून पाणी काढतात, तोंडातून शब्द येत नाही. दवाखान्याच्या धावपळीत कळवायचं राहिलं, असं म्हणून वरद माझीच माफी मागायला लागला.

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

मग तो म्हणाला, "चलो काका, एक बात अच्छी हुई, आईने सब गाने आपको भेज दिए थे. रोज़ दोपहर दरवाज़ा बंद करके बैठती थी. हमको बोलती थी, कोई आवाज़ मत करो, चारू को पाठ देना है."

मी विचारलं, ताईंच्या फोनात असतील ना ते?

"नहीं काका, छोटा फोन है, जल्दी भर जाता है. मैंने ही सिखाया था, भेजो और मिटा दो. आई बोली, मिटने दे. चारू के पास गया मतलब समाज में जमा हो गया."

नारळ अजून तिथंच ठेवलाय.

बुधवार, २४ सप्टेंबर

सदर बाजारात फोन दुरुस्त करणारे जेवढे आहेत तेवढ्यांचे उंबरे झिजवले. दुचाकींच्या गर्दीत एकानं पायावर चाक घातलं, त्याला शिव्या द्यायचंही सुचलं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच, मान हलवून. शेवटच्या दुकानातला माणूस म्हणाला, "अंकल, चोरी हुआ होता तो बात अलग थी. आपने तो खुद उड़ाया है."

एक निरोप आहे, दहा तारखेचा, सफाईनंतर आलेला. तो उघडायची छाती होत नाही. नीलिमा काही बोलत नाही. तिनं एकदा तरी बोलावं, सुनवावं, असं फार वाटतं. ती चहा आणून ठेवते आणि जाते.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

बैठक झाली.

समूहावर कळवलं होतं. सोन्याच्या पानांची चित्रं आली. माणसं तीन, मी, नीलिमा आणि तुळशीराम. त्याला उशीर झाला. मी नेहमीसारखा कुरकुरलो तर म्हणाला, "सिलतऱ्याहून गाडी लवकर भेटत नाही, दादा." कळलं ते असं. पाण्यात त्याचं घर बसलं. तेव्हापासून तो पोरीकडे सिलतऱ्याला असतो, आणि ती काळी भुकटी तिथल्या कारखान्यांची. तो दोन महिने तिथून इथं आमचा गाळ उपसायला येत होता, आणि मी त्याला आंघोळ करून यायला सांगत होतो.

"बोलला काहून नाहीस?"

"तुमी कॅसेटीच्या मागं होते," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला.

खोलीत बाकाखेरीज काही नाही. भिंतीला पाण्याची रेघ, रेघेवर बुवांचा चेहरा. तुळशीरामनं खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं बटण दाबलं. तंबोरा लागला. लागला म्हणजे अगदी नीट लागला, उगाच का खोटं लिहू? त्या पहिल्या गुरुवारी हे केलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी बुवांच्या तोंडाकडे बघून मनात विचारलं. ते हनुवटीपर्यंतच उरलेत. काय सांगणार?

मग माझा फोन बाकावर ठेवला आणि ताईंचा निरोप लावला.

"चारू, ऐकतो का? वीस झाली. हे शेवटलं. तुह्या आवडीचं म्हणून मागं ठेवलं होतं." घसा साफ केला. "पाणी गेलं, माती ऱ्हायली, माये, दिवा कुठं ठेवू." दुसऱ्यांदा तीच ओळ, जराशी वळवून, बुवा वळवायचे तशी. आवाज थकलेला, पण सूर जागचा हलत नव्हता. त्यांनी एका स्वराचीही चाल बदललेली नव्हती. तुळशीरामनं बाकाच्या फळीवर बोटांनी ठेका धरला.

मग मागं कुकरची शिट्टी झाली.

"थांब, सून घरी नाही. गॅस बारीक करून येते. अंतरा मागून पाठवते."

संपलं. नीलिमानं पदर तोंडाला लावला.

तुळशीराम मात्र थांबला नाही. मान खाली घालून, अंतऱ्याला जेवढी आवर्तनं लागतात तेवढी त्यानं नुसती वाजवली. कुणी गात नव्हतं. फळी वाजत होती आणि फोनातला तंबोरा. बरोबर समेवर येऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं, आता पुन्हा अस्थाई, म्हणा.

मी म्हटली. मला तेवढीच येते.